श्रेयांक दोन, तास साठ
(तरुणांची तब्येत : लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण वसतिगृहातल्या ताटाबद्दल बोललो. आज मैदानात उतरू.

पदवीला व्यायाम सक्तीचा असावा की नसावा, हा वाद आता मागे पडला आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषीच्या अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षण आणि योग आहेच. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांतही नव्या धोरणानुसार सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक मिळवावे लागतात. क्रीडा, योग, एनसीसी, एनएसएस हे त्यातले पर्याय.

हिशेब करून पाहा. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास. दोन श्रेयांकांचे ६०. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २४० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं सांगते. म्हणजे कागदावर सगळं जुळतं. हे तास खरोखर घाम गाळण्यात गेले पाहिजेत, एवढंच. गुण सही आणि जर्नलवर मिळाले तर मुलांचा दम वाढणार कुठून?

दम वाढतो तो हृदयामुळे. नियमित धावणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं, म्हणून विश्रांतीतली नाडी हळूहळू उतरते. ती मनगटावर बोटं ठेवून कुणालाही मोजता येते. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटांच्या धावेची चाचणी मांडली. तिला घड्याळ आणि आखलेलं मैदान पुरतं. पहिल्या आठवड्यात चारशे मीटरच्या तीन फेऱ्यांत धापा टाकणाऱ्या मुलीने सत्राच्या शेवटी पाच पूर्ण केल्या, तर माझ्या मते तिला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, शेजारचा खेळाडू सात मारत असला तरी. तुलना ज्याची त्याच्याशीच व्हावी. आणि सुट्टीत व्यायाम सुटला की ही कमाई काही आठवड्यांतच ओसरू लागते, हेही मुलांना सांगायला हवं.

साधनं नाहीत ही सबब अमरावतीने तरी देऊ नये. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभं केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच गावचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे कबड्डी, मल्लखांब असे देशी प्रकार करून दाखवले. लेझीम, सूर्यनमस्कार, जोर-बैठका यांना महागडी जिम लागत नाही. शेकडो मुलं एका तालावर करू शकतात. या मंडळात शिकलेले शिक्षक महाविद्यालयांनी हक्काने बोलवावेत.

एका बाबतीत मात्र घाई नको. विदर्भात, विशेषतः आदिवासी भागांत, सिकलसेल आढळतो. आजार नसलेल्या, केवळ वाहक असलेल्या मुलालाही कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम जोरात धावणं क्वचित जिवावर बेतू शकतं. त्यामुळे आधी रक्ततपासणी, मग सक्ती. वेळ सकाळी सहाची, मैदानाच्या कडेला पाण्याचा माठ, आणि पहिले दोन आठवडे फक्त भरभर चालणं. मुलींमधल्या रक्तक्षयाचा प्रश्नही इथेच येतो. तो पुढच्या लेखांकात.