ड्रेनेज लाइन बदलताना पैसा कुठे जातो

इमारतीची ड्रेनेज लाइन बदलण्याच्या खर्चात पाइपाचा वाटा लहान असतो. 160 मिमीचा पीव्हीसी पाइप मीटरला काही शे रुपयांत मिळतो. तोच जमिनीखाली उतारात बसवून, चेंबरना जोडून, वर पुन्हा फरसबंदी होईपर्यंत मीटरमागे खर्च काही हजारांवर गेलेला असतो. हा मधला सगळा पैसा खोदाई, राडारोडा, चेंबरचे बांधकाम आणि मजुरीत जातो. म्हणून कोटेशन हातात आले की पाइपाच्या कंपनीआधी तीन गोष्टी पाहाव्यात: लाइन किती लांब आहे, किती खोल जाणार आहे आणि खाली जमीन कसली आहे.

महाराष्ट्रातल्या शहरांत हा खर्च सध्या मुख्यत्वे तीस-चाळीस वर्षे जुन्या सोसायट्यांवर आणि बंगल्यांवर येतो. त्या काळी आवारातल्या लाइनला चिनी मातीचे, म्हणजे स्टोनवेअरचे पाइप घालत. हा पाइप आम्लाला किंवा सांडपाण्याला दाद देत नाही, शंभर वर्षेही टिकतो. टिकत नाहीत ते त्याचे सांधे. एक पाइप साधारण 60 सेंमी लांब, म्हणजे 50 मीटरच्या लाइनमध्ये ऐंशीहून अधिक सांधे, आणि प्रत्येक सांधा ताग ठासून सिमेंटने बंद केलेला. जमीन थोडी खचली की सिमेंट तडकते, ओल बाहेर येते आणि त्या ओलीच्या मागावर उंबर-पिंपळाची मुळे आत शिरतात. याउलट पीव्हीसीचा पाइप 6 मीटरचा येतो आणि त्याच लांबीत फक्त आठ सांधे पडतात. नव्या लाइनचा खरा फायदा हाच.

मात्र लाइन तुंबली म्हणजे ती बदलायलाच हवी, असे नाही. सर्व चेंबरची झाकणे एकाच वेळी उघडली तर बरेच काही पैसे न खर्चता कळते. वरचे चेंबर भरलेले आणि खालचे कोरडे असेल तर अडथळा त्या दोघांच्या मधल्या तुकड्यात आहे. आवारातले शेवटचे चेंबरही काठोकाठ भरलेले असेल तर दोष बहुधा रस्त्यातल्या महापालिकेच्या लाइनमध्ये असतो. तेव्हा तक्रार क्षेत्रीय कार्यालयात करायची, आवार खोदायचे नाही. तुंबलेला भाग जेटिंग मशीनने साफ केल्यावर जुने मिस्त्री आरसा वापरतात. एका चेंबरमध्ये उजेड पाडायचा आणि दुसऱ्या चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाशी आरसा तिरका धरून पाहायचे. उजेडाचा पूर्ण गोल दिसला तर लाइन सरळ आहे. गोल अर्धवट दिसला तर मध्ये पाइप बसलेला किंवा सरकलेला आहे. काहीच दिसले नाही तर तिथे मुळे, मलबा किंवा तुटलेला पाइप आहे. याच्या पुढची पायरी कॅमेऱ्याची. केबलला लावलेला छोटा कॅमेरा पाइपातून फिरतो आणि दोष चेंबरपासून किती मीटरवर आहे तेही दाखवतो. या तपासणीचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. चार मीटरचा तुकडा बदलून भागणार असेल तर चाळीस मीटर खोदण्याचा खर्च टळतो, आणि सगळीच लाइन गेलेली असेल तर सर्वसाधारण सभेत ते चित्रीकरण दाखवता येते.

खोलीचा हिशेब उतारावरून निघतो. सांडपाणी गुरुत्वाकर्षणाने वाहते आणि मैला वाहून नेण्यासाठी पाण्याला सेकंदाला निदान 0.6 मीटरचा वेग लागतो. 150-160 मिमीच्या पाइपाला त्यासाठी साधारण 100 ला 1 इतका उतार चालतो. 110 मिमीच्या पाइपाला जास्त, 40 ते 60 ला 1 द्यावा लागतो. म्हणजे 50 मीटरची 160 मिमीची लाइन एका टोकाला 60 सेंमी खोल असेल तर दुसऱ्या टोकाला 110 सेंमी खोल जाते. पाइप मोठा घेतला की काम पक्के, असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. थोडे पाणी मोठ्या पाइपात पसरते, त्याची खोली कमी होते आणि मैला मागे राहतो. या सगळ्यावर मर्यादा घालते ती महापालिकेच्या चेंबरच्या तळाची पातळी. आपले शेवटचे चेंबर त्याहून उंच असायलाच हवे. ही पातळी न मोजता दिलेले कोटेशन अंदाजावर दिलेले असते.

आता खोदाई. चर 60 सेंमी रुंद, सरासरी 1 मीटर खोल आणि 50 मीटर लांब असेल तर 30 घनमीटर, म्हणजे साडेदहा ब्रासच्या वर माती निघते. सरासरी खोली दीड मीटर झाली की तीच सोळा ब्रासच्या घरात जाते. सुटी झालेली माती फुगते, त्यामुळे ढीग याहून मोठा दिसतो. त्यातली बरीच पुन्हा चरात जाते, पण फुटके पाइप, जुन्या चेंबरच्या विटा, उखडलेले काँक्रीट आणि दगड गाडीने बाहेर न्यावे लागतात. कोटेशनमध्ये ‘राडारोडा उचलणे’ हे कलम नसेल तर तो ढीग पार्किंगमध्ये राहतो आणि त्याचे पैसे नंतर वेगळे मागितले जातात.

जमीन कसली आहे यावर दर सर्वांत जास्त हलतो. दख्खनच्या पठारावर वरच्या मातीखाली मऊ मुरूम, मग कठीण मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. पुण्यात एकाच आवारात दोन टोकांना दोन प्रकार निघू शकतात. कोकणात जांभा असतो. मुंबईतल्या भरावाच्या जमिनीत खणले की खाली पाणी, म्हणून उपसापंप सतत चालू ठेवावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिथे पाइपाखाली आणि भोवती वाळू किंवा बारीक मुरमाचा थर न घालता केलेली लाइन लवकरच वाकते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांच्या खोदाईचे दर वेगवेगळे दिलेले असतात. ही दरसूची कोणालाही पाहता येते. खासगी ठेकेदाराचा दर तिच्याशी तंतोतंत जुळणार नाही, पण दोन्ही शेजारी ठेवले की कोणते कलम फुगवले आहे ते दिसते.

म्हणूनच या कामाला ठोक भाव घेऊ नये. ठोक भावात ठेकेदार एक तर कातळ लागेल असे धरून सगळ्यांकडून जास्त घेतो, नाहीतर कातळ लागल्यावर काम थांबवून वाढीव पैसे मागतो. कलमवार दर घ्यावेत, खडक लागल्यास काय दर ते आधीच लिहून घ्यावे आणि चर भरण्यापूर्वी टेपने मोजमाप करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. जीएसटी दरात धरला आहे की वर लागणार, तेही विचारावे. अशा कंत्राटी कामावर तो सहसा 18 टक्के असतो. लाइन रस्त्यापर्यंत न्यायची असेल तर रस्ता खोदाईची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क महापालिकेकडे भरावे लागते. पावसाळ्यात ही परवानगी सहसा मिळत नाही, म्हणून काम हिवाळ्यात काढलेले बरे. मार्गात झाड आले तर ते परस्पर तोडता येत नाही. राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. बहुतेक वेळा लाइनच थोडी वळवून त्या वळणावर एक चेंबर बांधणे स्वस्त पडते.

काम नेहमी खालच्या टोकाकडून वर करत येतात. जुन्या लाइनच्या शेजारून नवी टाकता आली तर जुनी वापरात राहते आणि एकेक चेंबर नव्या लाइनवर घेता येते. जागा अरुंद असेल तर जुनीच उखडावी लागते, आणि मग तेवढे तास सांडपाणी पंपाने खालच्या चेंबरमध्ये सोडण्याची सोय खर्चात धरावी. चर तयार झाला की दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणतात आणि पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी घेतात. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी स्थिर झाले की दोरीपासून पाइपाच्या डोक्यापर्यंतचे अंतर दर दोन-तीन मीटरवर मोजून उतार तपासता येतो. घरमालकाने हजर राहायचे ते याच वेळी, कारण एकदा माती पडली की चूक दिसत नाही. जमिनीखालच्या लाइनसाठी आयएस 15328 चा शिक्का असलेला पाइप मागावा. इमारतीच्या भिंतीवरून खाली उतरणाऱ्या लाइनचा एसडब्ल्यूआर पाइप वेगळ्या मानकाचा, आयएस 13592 चा असतो. माती लोटण्यापूर्वी खालचे तोंड बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरतात आणि पातळी उतरते का ते पाहतात. या चाचणीला अर्धा दिवस जातो आणि ठेकेदार ती टाळू पाहतो. ती टाळू देऊ नये. जवळून पिण्याच्या पाण्याची लाइन जात असेल तर गळक्या ड्रेनेजमुळे कावीळ घरोघर पोहोचू शकते. दोन्ही लाइनींत शक्यतो 3 मीटर अंतर ठेवावे. आवारात तेवढी जागा नसेल तर पाण्याची लाइन वरून न्यावी.

चेंबर हे दुसरे मोठे खर्चाचे कलम. प्रत्येक वळणावर, प्रत्येक जोडावर आणि सरळ लाइनमध्ये जास्तीत जास्त 30 मीटरवर चेंबर लागते. त्याच्या तळाला पाइपाच्या आकाराची अर्धगोल पन्हळ करून दोन्ही बाजू उताराच्या घोटाव्या लागतात. तळ सपाट सोडला तर मैला कोपऱ्यात साठतो आणि नवी लाइनही तुंबू लागते. याच वेळी गच्चीवरून येणारे पावसाचे पाणी ड्रेनेजच्या चेंबरमधून काढून वेगळे करावे. ते नंतर करायचे तर पुन्हा खोदाई आली.

एका गोष्टीवर पैसे वाचवणे म्हणजे माणसाचा जीव पणाला लावणे. तुंबलेल्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. त्याचे प्रमाण वाढले की वासच येईनासा होतो आणि आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेलाही बहुधा परत येत नाही. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही मनाई महापालिकेइतकीच सोसायटीला आणि बंगल्याच्या मालकालाही लागू आहे. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. जेटिंग आणि सक्शन गाडीचे पैसे कोटेशनमध्ये स्पष्ट असावेत आणि ‘माणूस उतरवून साफ करू’ म्हणणारा स्वस्त ठेकेदार त्याच क्षणी नाकारावा. चरालाही हेच लागू आहे. दीड मीटरपेक्षा खोल मातीच्या चराला फळ्या आणि टेकू हवेतच, कारण ओली माती सूचना देऊन ढासळत नाही. जुने सिमेंटचे पाइप अनेकदा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते कोरडे ग्राइंडरने कापू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

सोसायटीत हा खर्च कोणाचा, यावरून वाद होतो. तळमजल्यावर मैला उलटतो तेव्हा वरच्या मजल्यांना त्याची झळ लागत नाही, पण लाइन सर्वांची असते. आदर्श उपविधींनुसार सामाईक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीने करायची. सदनिकेच्या आतली गळती त्या सभासदाची. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान 0.25 टक्के वर्गणी ठरलेली आहे. ज्या सोसायट्यांनी ती वर्षानुवर्षे घेतली त्यांना मोठा जादा हप्ता लावावा लागत नाही. सिंकिंग फंड काढायचा तर आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी.

बिल एका दमात देऊ नये. खोदाई, पाइप व चाचणी, चेंबर आणि फरसबंदी अशा टप्प्यांनी पैसे द्यावेत आणि 5 ते 10 टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. भरलेला चर पहिल्या पावसात थोडा बसतोच, म्हणून त्यावरची पेव्हर ब्लॉकची फरशी त्याच रकमेतून पुन्हा सारखी करून घेता येते. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ठेकेदाराकडून चेंबरची जागा, प्रत्येकाची खोली आणि पाइपाचा व्यास दाखवणारा नकाशा, तसेच उघड्या चराची छायाचित्रे घेऊन सोसायटीच्या दप्तरात ठेवावीत.