कवटीतल्या पोकळीचे माप

मोठ्या आगीत किंवा विमान अपघातात माणसे ओळखू न येण्याइतकी जळतात. चेहरा, कपडे, बोटांचे ठसे यांपैकी काहीच उरत नाही. अशा वेळी न्यायवैद्यक तज्ज्ञापुढे पहिला प्रश्न येतो, तो असा : हे अवशेष स्त्रीचे की पुरुषाचे? त्याचे उत्तर मिळाले की बेपत्ता माणसांची यादी बरीच आखूड होते. कमरेचे हाड शाबूत असेल तर उत्तर बहुधा चोख मिळते. डीएनए चाचणीही आहेच. पण तीव्र उष्णतेने तो नष्ट होऊ शकतो. मग?

विद्यार्थी मित्रहो, डोळ्याखाली गालावर बोट टेकवा. तेथल्या हाडात हवेने भरलेली एक पोकळी आहे. सर्दी झाली की जेथे ठणकते, तेच हे सायनस. नाकाभोवती अशा पोकळ्यांच्या चार जोड्या असतात आणि गालातली सर्वांत मोठी. नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये तिचे वर्णन केले. प्रौढ माणसात तिच्यात सुमारे १५ घन सेंटिमीटर, म्हणजे चहाचे तीन चमचे हवा मावते. कवटीचा बाकीचा भाग आगीत फुटला तरी ही पोकळी पुष्कळदा शाबूत सापडते.

पुरुषांमध्ये ही पोकळी सरासरीने मोठी असते. तेव्हा माप घ्यावे आणि उत्तर द्यावे, इतके हे सोपे वाटते. मापायला सीटी स्कॅन आहे. पावाचे काप करावेत तशी कवटीची चित्रे हे यंत्र क्ष-किरणांच्या साहाय्याने घेते. त्याच्या मोजपट्टीवर पाणी ० वर, तर हवा उणे १००० वर असते. हाड शेकड्यांनी अधिककडे जाते. त्यामुळे हवा आणि हाड यांची सीमा स्वच्छ उमटते. (या यंत्रासाठी १९७९ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले ते हाउन्सफील्ड या अभियंत्याला आणि कॉरमॅक या भौतिकशास्त्रज्ञाला! आम्हा भौतिकीच्या शिक्षकांना हे सांगायला आवडते.)

आता थोडे गणित. समजा, पोकळीची लांबी ३.८, रुंदी २.६ आणि उंची ३.४ सेंटिमीटर भरली. तिघांचा गुणाकार करून निम्मा केला की अंदाजे घनफळ येते : १६.८ घन सेंटिमीटर. प्रत्येक मापात केवळ एक मिलिमीटर जास्त मोजला गेला तर? उत्तर येते १८.४! तीन छोट्या चुका गुणाकारात एकत्र आल्या. स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला फरकही पुष्कळदा काही घन सेंटिमीटरांचाच असतो.

खरी अडचण मात्र यापुढची आहे. दहावीच्या वर्गात मुलांची सरासरी उंची मुलींपेक्षा जास्त भरेल; पण 'उंची १५८ सेंटिमीटर' एवढ्यावरून तो मुलगा की मुलगी हे सांगता येईल का? सायनसचेही तसेच. मोठ्या पोकळीच्या स्त्रिया आणि लहान पोकळीचे पुरुष पुष्कळ आढळतात. शिवाय वरच्या दाढा पडल्या की पोकळी खाली पसरू शकते आणि एका प्रदेशातल्या लोकांवर बसवलेले सूत्र दुसरीकडे तसेच लागू पडत नाही. समजा, चारांपैकी तीन वेळा उत्तर बरोबर आले. परीक्षेत हे गुण चांगलेच! पण येथे शंभर कवट्यांपैकी पंचवीस चुकीच्या यादीत जातात आणि त्या पंचवीस घरची माणसे वाट पाहत राहतात. म्हणून या मापाला पुरावा न मानता इतर खुणांच्या जोडीला घ्यावे, हे बरे.

गंमत अशी की, जेथे आकारमान लटके पडते तेथे आकृती कामी येते. कपाळातल्या सायनसची नागमोडी कड जुळ्या भावंडांतही एकसारखी नसते. १९२७ मध्ये कलबर्ट आणि लॉ या अमेरिकन डॉक्टरांनी मृत्यूपूर्वीची आणि नंतरची क्ष-किरण चित्रे शेजारी ठेवून एका मृताची ओळख पटवल्याचे प्रसिद्ध केले. आजही ही पद्धत वापरतात. त्यामुळे नातेवाइकांना विचारण्याजोगा एक प्रश्न असतो : यांना सर्दीचा जुना त्रास होता का, आणि तेव्हा डोक्याचा फोटो काढला होता का?