नागरी सहकारी बँकांतील अंतर्गत नियंत्रण व फसवणूक प्रतिबंध : पुण्यातील कॉसमॉस बँक प्रकरणाच्या संदर्भात

प्रस्तावना

1886 मध्ये रे मार्केट या नावाने सुरू झालेली पुण्याची महात्मा फुले मंडई आणि भोवतालच्या पेठा यांच्या अर्थव्यवहारात नागरी सहकारी बँकांना महत्त्वाचे स्थान आहे. किरकोळ विक्रेते, छोटे व्यापारी, पगारदार व निवृत्त व्यक्ती यांच्या बचतीवर या बँका उभ्या असतात. बँकेतील फसवणूक नियमांच्या अभावी घडते की नोंदींच्या पडताळणीअभावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमनाची चौकट

बँकिंग नियमन कायदा, 1949 हा सहकारी बँकांना 1 मार्च 1966 पासून लागू झाला. तथापि नोंदणी व निवडणुका यांसारख्या बाबी सहकार निबंधकांकडे राहिल्याने दुहेरी नियंत्रण निर्माण झाले. 2020 च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. त्याच वर्षी ठेव विम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख रुपये करण्यात आली. परंतु विमा ही हानी झाल्यानंतरची तरतूद होय. तो फसवणूक रोखत नाही.

कॉसमॉस बँक प्रकरण

1906 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ला झाला. एटीएममधील मागणी सामान्यतः 'स्विच' या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीकडे जाते आणि खात्यातील शिल्लक पाहून संमती मिळते. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभारून परस्पर संमती दिली; मागणी मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही. 11 ऑगस्ट रोजी बनावट कार्डांद्वारे 28 देशांतून सुमारे 78 कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. 13 ऑगस्ट रोजी स्विफ्ट प्रणालीद्वारे आणखी 13.92 कोटी रुपये हाँगकाँगला वळते झाले. ग्राहकांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही. भार बँकेवर पडला. 2023 मध्ये पुणे येथील न्यायालयाने 11 आरोपींना दोषी ठरविले.

समान दुवा

2018 मध्ये उघडकीस आलेल्या पंजाब नॅशनल बँक प्रकरणात स्विफ्टद्वारे गेलेल्या हमीपत्रांची नोंद मुख्य प्रणालीत नव्हती. 2019 च्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक प्रकरणात एका उद्योगसमूहाची थकीत कर्जे झाकण्यासाठी 21,049 बनावट खाती रिझर्व्ह बँकेला सादर केलेल्या यादीत दाखविली गेली. एका ठिकाणी बाहेरचे गुन्हेगार होते, तर अन्यत्र आतील माणसांचा हात होता. परंतु तिन्ही ठिकाणी दोन स्वतंत्र नोंदींमधील तफावत वेळीच ताडून पाहिली गेली नाही.

उपाययोजना

रिझर्व्ह बँकेने 19 ऑक्टोबर 2018 रोजी नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट जाहीर केली. तिचा उपयोग अंमलबजावणीवर अवलंबून आहे. व्यवहार करणारा व तो तपासणारा कर्मचारी वेगळा असणे, स्विच व मुख्य प्रणाली यांचा ताळमेळ सतत घालणे, सुटीच्या दिवशीही देखरेख ठेवणे आणि लेखापरीक्षकाने सादर केलेल्या याद्यांऐवजी मूळ प्रणालीतील नोंदी तपासणे अगत्याचे आहे.

समारोप

दिवसअखेर गल्ल्यातील रोकड आणि उरलेला माल यांचा हिशेब जुळविणे हे मंडईतील कोणत्याही गाळ्यावरचे साधे तत्त्व आहे. बँकेच्या अंतर्गत नियंत्रणाचे मूळही तेच होय. नियामकाचे परिपत्रक ही शिस्त सक्तीची करू शकते. ती रोज पाळण्याची जबाबदारी मात्र संचालक मंडळ व कर्मचारी यांचीच राहते.