सर्पांचे धोक्याचे आकलन आणि दंशाचा निर्णय

सर्पदंशाची कारणमीमांसा करताना सापाच्या ठायी सूडबुद्धी कल्पिण्याची प्रवृत्ती सुशिक्षितांतही आढळते. वस्तुतः विष हे प्रामुख्याने भक्ष्य मिळविण्याचे साधन असून त्याच्या पुनर्निर्मितीस ऊर्जा लागते. गिळता न येणाऱ्या माणसावर ते खर्च करणे सापाला परवडणारे नसते.

सापास बाह्यकर्ण नसतो. तथापि तो बहिरा नव्हे. जमिनीतील कंपने खालच्या जबड्यातून त्याच्या आंतरकर्णापर्यंत पोहोचतात, हवेतील कमी वारंवारतेचे ध्वनीही त्यास जाणवतात. धोक्याची चाहूल लागताच बहुतेक साप निश्चल राहतात अथवा निसटतात. वाट खुंटली तर नाग फणा उभारतो, घोणस दीर्घ फूत्कार टाकते, फुरसे अंगावरील खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करते. नाग तर पुष्कळदा मिटल्या तोंडानेच धडक देतो. प्रत्यक्ष दंशातही विष दर वेळी सोडले जातेच असे नाही.

प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावर मात्र हे टप्पे गळून पडू शकतात. ब्राझीलमधील जराराका या विषारी सापावरील, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संरक्षक बूट घालून सापांवर हलकेच पाय ठेवण्यात आला. शेपटीपेक्षा डोक्याला स्पर्श झाल्यास, तसेच साप लहान असल्यास दंशाची शक्यता अधिक आढळली.

आपल्याकडील मण्यार हा निशाचर साप जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली दबल्यास कोणताही इशारा न देता चावतो. वेदना इतकी अल्प, की झोपही मोडत नाही. पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन आलेल्या अशा रुग्णाच्या अंगावर दंशाची खूण सापडतेच असे नाही.