नडगीशेजारचा फुगवटा

गळिताचा हंगाम लागला की पायाला मार बसण्याचे प्रकार वाढतात. मोळी पायावर पडते, ट्रॉलीचा फाळका लागतो, बैल लाथ मारतो. आपल्या मावळ-मुळशी-खेड भागात पुष्कळ घरांतला एक भाऊ शेतात, तर दुसरा भोसरी-चाकणच्या कंपनीत. तिथे लोखंडी जॉब नडगीवर आदळतो. सूज उतरते, माणूस कामाला लागतो. पण काही दिवसांनी नडगीच्या बाहेरच्या अंगाला मऊ फुगवटा दिसू लागतो. उभे राहिले की वर येतो, आडवे झाले की नाहीसा! मग घरचे म्हणतात, "चरबीची गाठ असंल, चोळून घ्या."

सभासद बंधू-भगिनींनो, असा येणारा-जाणारा फुगवटा बहुधा स्नायूचा हर्निया असतो. पायाच्या स्नायूंवर चिवट आवरण असते. माराने ते फाटले की टायरच्या चिरेतून ट्यूब फुगावी तसा स्नायू बाहेर डोकावतो. डॉक्टर रुग्णाला उभे करून, पाऊल वर ओढायला लावून तपासतात. पाय हलवत सोनोग्राफी केली की चीर दिसते. दुखत नसेल तर शस्त्रक्रियेची गरज नसते. डॉक्टरांनी सांगितलेला घट्ट मोजा आणि थोडी विश्रांती पुरते.

चालताना दुखत असेल, किंवा शिरेवर दाब येऊन पावलावर मुंग्या येत असतील, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार होतो. आपल्याला वाटते, फाटलंय तर शिवून टाकावं. इथेच गफलत आहे! आवरण ओढून शिवले तर आत जागा उरत नाही, दाब वाढून रक्तपुरवठा तुटू शकतो आणि स्नायू मरतो. म्हणून सर्जन बहुधा उलटे करतात: चीर उभी लांबवून स्नायूला मोकळे करतात. काही वेळा जाळीचे ठिगळही लावतात. चीर लांबवल्यावर फुगवटा थोडा राहील, पण दुखणे जाण्याची आशा चांगली असते.

एक गोष्ट घरात सर्वांना सांगून ठेवा. ताज्या मारानंतर पोटरी दगडासारखी ताठ झाली, बोटे हलवताच असह्य कळ आली, पाऊल बधिर पडले, तर तो हर्निया नव्हे. आतला दाब वाढल्याची ती खूण आहे. अशा वेळी साधारण 6 तासांत आवरण उघडावे लागते, नाहीतर पाय अधू होतो. तेल चोळू नका, करकचून बांधू नका, "सकाळी बघू" म्हणू नका. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय किंवा जवळचे सर्जन असलेले मोठे रुग्णालय रात्रीच गाठा. ट्रॉली एक दिवस उशिरा खाली झाली तरी चालेल.