रामकुंडाकाठच्या वह्या

नाशिकला रामकुंडावर उतरलं की पहिला प्रश्न येतो, "गाव कोणतं? आडनाव काय?" नवख्या माणसाला तो नकोसा वाटतो. पण गाव-आडनावावरून तुमचे तीर्थोपाध्ये कोण ते ठरतं आणि त्यांच्या घरातल्या नामावळीत तुमचे पणजोबा सापडू शकतात. ज्यांच्या नावाचा वाडा नाही की शिलालेख नाही, त्यांचा इतिहास इथे वहीत असतो.

गोदावरी इथे दक्षिणेकडे वळते. रामाने दशरथाचं श्राद्ध इथेच केलं, अशी श्रद्धा. म्हणून महाराष्ट्रभरातून लोक अस्थी घेऊन येतात. जवळच दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर आला की नाशिककर पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला लागलं, ते विचारतात. पलीकडे नारोशंकराच्या देवळावर घंटा आहे, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली. पाहायला हे सारं आहेच. माझं काम मात्र वहीशी होतं.

वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही गेलो होतो. उपाध्यांनी फडक्यात बांधलेली वही सोडली, चार-सहा पानं मागेपुढे केली आणि बोट ठेवलं. मोडीतली ओळ मला वाचता येईना. त्यांनी सावकाश वाचून दाखवली. पणजोबा, त्यांचे भाऊ, मुलं, मूळ गाव, कशासाठी आले ते. खाली आजोबांची बाळबोध सही, जरा थरथरलेली. ते सिंहस्थाला आले होते, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बारा वर्षांनी येणाऱ्या त्या पर्वणीसाठी त्यांनी पैसे कसे जमवले असतील, याचाच विचार मी बराच वेळ करत राहिलो.

आजीही त्या ओळीत होती, पण सासरच्या नावाने. तिचं माहेरचं नाव, तिचं गाव, काहीच नाही. कित्येक घरांतल्या बायका अशाच अर्ध्या नोंदल्या गेल्या असणार. आणि जात पाहून दार उघडणाऱ्या तीर्थात प्रत्येक घराला वहीत सारखीच जागा मिळाली, असंही म्हणवत नाही. इथून चालत जाण्याच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. रामकुंड पाहणाऱ्याने ते अंतर चालावंच, असं मला मनापासून वाटतं.

विधी झाल्यावर उपाध्यांनी पेन पुढे केलं. आजोबांच्या सहीखाली मी वडिलांचं नाव लिहिलं, मग माझं, बहिणीचं, मुलीचं. आईचं नाव लिहिताना तिचं माहेरचं आडनाव आणि गावही लिहिलं. ओळ समासात गेली. उपाध्ये काही बोलले नाहीत. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही उघडी ठेवली.