टाकीपासून इंजिनापर्यंतचे दोन मीटर

गेल्या शाबानातली गोष्ट. रमजानला आठवडा उरला होता. आम्ही, दुल्हाभाई आणि भाचा असे तिघे जाळे उचलून राजीवड्याकडे परतत होतो. भाट्ये खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता आणि ओहोटी जोरात सुरू होती. रत्नागिरीकरांना हे तोंड सांगायला नको. काजळी नदीचा गाळ आणि दर्याची वाळू तिथे साठून बांध तयार झाला आहे. ओहोटीचे पाणी बाहेर धावते, दर्याची लाट आत येते आणि दोघांची गाठ त्या वाळूवर पडते. तिथून छोटी होडी आणायची तर इंजिनाने एक क्षणही दम खाऊन चालत नाही.

आमच्या इंजिनाने नेमका तिथेच दम खाल्ला. आधी आवाज बारीक झाला, मग दोन आचके आले आणि सगळे शांत. होडी आडवी होऊ लागली. दुल्हाभाईंनी वेळ न दवडता नाळेवरून नांगर सोडला. तो धरला म्हणून आज हे लिहितो आहोत. इंजिन बंद पडल्यावर आधी नांगर, मग इंजिनाची चौकशी, हा क्रम आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे.

मग दोरी ओढणे सुरू झाले. दहा वेळा, वीस वेळा. प्लग काढून पुसला. दुल्हाभाईंनी मेकॅनिकचा उद्धार केला, आम्ही पेट्रोलपंपाचा. राजीवड्यातून मगरिबची अजान ऐकू येत होती आणि घर एवढे जवळ असून किती लांब आहे ते त्या वेळी कळत होते. अकरावीतला भाचा एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मामू, टाकी बघा. पोट आत गेलंय तिचं."

खरेच, प्लास्टिकच्या टाकीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या. झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद होता. त्याने तो सैल केला. टाकीने फुस्स करून हवा आत घेतली आणि धप्प आवाजाने पुन्हा फुगली. पाइपावरचा रबरी फुगा सात-आठ वेळा दाबला. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू.

तो स्क्रू बंद केला होता आमच्या अम्मीने. पडवीत पेट्रोलचा वास येतो म्हणून तिने सकाळी तो पिळला होता आणि तिचे काहीच चुकले नव्हते. चूक आमची. टाकी होडीत ठेवली, पाइप जोडला, पण स्क्रू उघडला नाही.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की आपल्या खाड्यांमधून अनेक घरांत आता आउटबोर्ड इंजिन आले आहे आणि त्याच्यासोबत ही लाल टाकीही. इंजिनाबद्दल सगळे बोलतात. टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या दोन मीटर पाइपाबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या अनुभवात मात्र भर पाण्यात इंजिन बंद पडण्याची निम्मी कारणे त्या दोन मीटरांतच निघाली.

बाहेरची टाकी मुळात हवीच कशाला? आमचे पहिले इंजिन चार हॉर्सपॉवरचे होते, त्याच्या डोक्यावरच छोटी टाकी. ती संपली की हेलकावणाऱ्या होडीत, तापलेल्या इंजिनावर कॅनमधून पेट्रोल ओतायचे. निम्मे टाकीत, निम्मे इंजिनावर. आज आठवले तरी अंगावर काटा येतो. बारा किंवा चोवीस लिटरची वेगळी टाकी असली की ती किनाऱ्यावर भरता येते आणि पाण्यावर पेट्रोलला हात लावावा लागत नाही.

पण प्रत्येक इंजिनाला ती जोडता येते असे नाही. दोन-अडीच हॉर्सपॉवरच्या बहुतेक छोट्या इंजिनांत पेट्रोल डोक्यावरच्या टाकीतून आपल्या वजनानेच खाली उतरते. त्यांत खालून पेट्रोल ओढणारा पंपच नसतो. अशा इंजिनाला नुसता पाइप लावून उपयोग नाही. चार-पाच हॉर्सपॉवरच्या काही इंजिनांत दोन्ही सोयी असतात आणि एक कॉक असतो. तो बाहेरच्या टाकीकडे फिरवायला विसरलात तर आतले लिटर-दोन लिटर संपेपर्यंत इंजिन छान चालते आणि मग भरलेली टाकी शेजारी असताना बंद पडते. घेताना विक्रेत्याला हे स्पष्ट विचारावे. कनेक्टरचेही तेच. यामाहाचा कनेक्टर सुझुकीला बसत नाही, तोहात्सूचा आणखी निराळा. दिसायला सारखा म्हणून एका दुकानदाराने आमच्या गळ्यात भलताच मारला होता. तो बसल्यासारखा वाटायचा, पण कडेने हवा ओढायचा. आठवडाभर आम्ही कार्ब्युरेटर साफ करत बसलो.

आता जोडणीचा क्रम. टाकी शक्यतो इंजिनाजवळ, सपाट जागी ठेवावी आणि दोरीने बांधावी. पाइप टाकीखाली किंवा कोणाच्या पायाखाली दबता कामा नये, त्याला मोडही पडू नये. सगळ्यात आधी हवेचा स्क्रू उघडावा, पाइप त्यानंतर. याचे कारण उन्हात आहे. बंद टाकी उन्हात तापली की आत दाब वाढतो; तशीच ती जोडली तर पेट्रोल आपोआप इंजिनात घुसते, कार्ब्युरेटर भरून वाहतो आणि मग इंजिन सुरू होत नाही. म्हणजे तोच स्क्रू बंद राहिला तर सकाळी एक त्रास, दुपारी दुसरा.

मग पाइपाचे एक टोक टाकीला, दुसरे इंजिनाला. कनेक्टर बसल्याचा खट् आवाज आला पाहिजे. तरी एकदा ओढून बघावे. फुग्यावर बाण असतो, त्याचे टोक इंजिनाकडे हवे. आत एकाच दिशेने उघडणाऱ्या दोन झडपा असतात, त्यामुळे फुगा उलटा बसला तर पेट्रोल पुढे जाणारच नाही. दाबताना फुगा उभा धरावा, बाण वर. आडवा धरून दाबत राहिलात तर हात दुखतो आणि फुगा लवकर भरत नाही. तो कडक झाला की थांबावे. त्यानंतरही दाबत राहणे म्हणजे इंजिनाला जबरदस्तीने जेवू घालणे. मग सगळ्या जोडांवरून बोट फिरवावे. ओल लागली किंवा वास आला तर दोरीला हात लावायचा नाही.

या फुग्याला आम्ही नाडी म्हणतो. इंजिन दम तोडू लागले की आधी फुगा चाचपावा. तो चपटा झाला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. स्क्रू बंद असेल, नाही तर टाकीतल्या नळीची जाळी कचऱ्याने भरली असेल. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठेतरी हवा शिरते आहे, क्लिप सैल आहे, ओ-रिंग झिजली आहे, फुग्याची झडप गेली आहे किंवा टाकीच रिकामी आहे. कधी कार्ब्युरेटरची सुई अडकून पेट्रोल वाहून जात असते, तेव्हा वास सांगतो. फुगा कडक आहे आणि तरी इंजिन उपाशी, तर खोट फुग्याच्या पुढे, म्हणजे इंजिनात. तेव्हा खुशाल मेकॅनिकचा उद्धार करावा.

रबराचे अलीकडे जास्त बघावे लागते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुना पाइप त्याने आतून सुटू लागतो, वरून धडधाकट दिसतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते आणि महिनाभर पडून राहिलेल्या पेट्रोलात पाणी तळाशी बसते, नेमके जिथून नळी ओढते तिथे. म्हणून जेवढे लागेल तेवढेच आणावे. पाणी वेगळे करणारा फिल्टर पाइपात बसवला तर तो खर्च वाया जात नाही.

तेलाचे प्रमाण ज्याच्या त्याच्या इंजिनाच्या पुस्तकात असते. आमच्या टू-स्ट्रोकला पन्नासास एक, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलात तेल घालायचेच नाही, हे सांगावे लागते कारण घालणारे पाहिले आहेत. आणि पेट्रोलचा हिशेब तीन वाट्यांत करावा. एक जाताना, एक येताना, एक दर्यासाठी राखून.

आता घरातले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते, उंबरा ओलांडते आणि गॅसच्या शेगडीपाशी, देवडीतल्या बिडीपाशी पोहोचते. होडीत ती तळाशी साठून राहते. म्हणून टाकी होडीबाहेर काढून जमिनीवर ठेवूनच भरावी, काठोकाठ न भरता फुगायला थोडी जागा सोडावी. घरी आणली की पाइप सोडवून स्क्रू बंद, आणि जागा स्वयंपाकघरापासून दूर, सावलीत, पोरांचा हात पोहोचणार नाही अशी. अम्मीचे म्हणणे होते की टाकी पडवीत नकोच. आता ती अंगणापलीकडच्या छपरीत असते. भाच्याने झाकणाजवळ पांढऱ्या रंगाने लिहिले आहे: घरी बंद, होडीत उघडा.

जूनमध्ये बंदी लागली की इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उभे करून चालवतो, चालत्या इंजिनाचा पाइप काढतो आणि आतले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबतो. कार्ब्युरेटर कोरडा राहतो, ऑगस्टमध्ये चिकटलेला सापडत नाही. टाकी रिकामी करून वाळवतो, पाइप गुंडाळून खुंटीला. गेल्या पावसाळ्यात तिथे उंदराने फुगा कुरतडला. नवा घेऊन घरी आलो, तर दारातच अम्मीने पिशवीतून काढून उलटसुलट पाहिला आणि विचारले, "ह्याचा बाण कुठाय?"